बाहेर पडतानाची सही

बाकावर बसल्याबसल्या अल्थियाचा डोळा लागला होता. उघडला तेव्हा गुऱ्हाळात वाफेखेरीज काही दिसेना. भट्टी जागेवर होती, बारा फुटी कढई जागेवर होती, खिडकीबाहेर मेपलची झाडं आणि त्यांचा रस धरायला लटकवलेल्या बादल्याही असणारच होत्या. पण सगळं त्या गोड वाफेत विरघळून गेलं होतं, आणि वाफेच्या पलीकडे कोणीतरी उभं होतं. क्षणभर तिला वाटलं, आईच आहे. म्युरिएलला जाऊन आठ वर्षं झाली होती. तरी मार्चमध्ये झाडांचा रस उतरायला लागला, की ती या वाफेत येऊन उभी राहायचीच. अल्थियाने हे कोणाला सांगितलं नव्हतं. नॉर्थ हार्लो गावात असल्या गोष्टी बोलून दाखवायची पद्धत नाही.

"लोणी," वाफेतून आवाज आला. बाबांचा होता.

तिने बशीतला लोण्याचा बोटभर तुकडा पुढे केला. विन्स्लो फिलब्रिकने तो उसळत्या फेसावर टाकला आणि फेस शहाण्या मुलासारखा खाली बसला. म्हातारा पहाटेपासून उभा होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, पण रस कढायला लागला की कढई सोडायची नाही, हा त्याचा नेम. मुलाचा, रॉइसचा, जन्म झाला तेव्हाही तो कढईपाशीच होता, आणि रॉइस साठीला आला तरी ते विसरला नव्हता.

"किती वेळ झोपले मी?"

"पाव तास. घोरत होतीस. आईसारखी."

"आई घोरायची नाही."

"तुला काय ठाऊक?" विन्स्लो म्हणाला आणि झारा घेऊन पुन्हा वाफेत गेला.

साडेनऊ झाले होते. अकरा वाजता तिला गावसभागृहात पोहोचायचं होतं. गावाने निवडून दिलेले मतदार यादीचे तीन पर्यवेक्षक असतात, त्यांतली एक अल्थिया. गावसभेच्या आधीच्या शनिवारी अकरा ते साडेअकरा त्यांनी यादी उघडून बसायचं. कोणाला नाव घालायचं असेल, पत्ता बदलायचा असेल, नावापुढे नोंदलेला पक्ष बदलायचा असेल, त्याने यावं. बहुधा कोणीच येत नाही, आणि तिघं त्यांच्यातल्याच एडिथच्या घरचा केक खाऊन उठतात. आज मात्र सकाळपासून तिच्या डोक्यात तो अर्धा तासच होता. मंगळवारी गावसभा होती, आणि मंगळवारी हॅटी तिची पत्रकं वाटणार होती.

तेवढ्यात हॅटी आलीच. अल्थियाची एकुलती एक मुलगी, वय एकतीस, हिवाळ्यात गावाचा बर्फ हटवायचा ट्रक चालवते आणि बाराही महिने अग्निशमन दलात फुकट राबते. दोन्ही हातांत दोन खोकी आणि दार उघडायला बूट.

"छापून आली!" तिने एक पत्रक काढून आजोबांच्या नाकासमोर धरलं.

पत्रकावर विन्स्लोचाच फोटो होता, याच कढईपाशी, हातात झारा. खाली मोठ्या अक्षरात: 'त्रेसष्ट वर्षं मतदान. एकदाही कोणाचा नाही.' आणि त्याखाली: 'हॅटी फिलब्रिक, विधानसभेसाठी. हीसुद्धा कोणाची नाही.'

विन्स्लोने चष्मा पुसला, वाफेने तो पुन्हा धुरकट झाला, पुन्हा पुसला. "नाक फार मोठं आलंय."

"नाक तेवढंच आहे, आजोबा."

"मग फोटो कशाला हवा होता? गावाने बघितलंय."

पण तो खूश झाला होता. त्याने पत्रक लाकडाच्या ढिगावर, वाफ लागणार नाही असं, नीट टेकवून ठेवलं. अल्थियाने ते बघितलं आणि तिला वाटलं, आत्ताच जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

कारण पत्रकावरचं ते वाक्य खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे जगात फक्त तिलाच ठाऊक होतं. निदान पावणेदहापर्यंत तरी तिचा तसा समज होता.

मार्सी आणि रॉइस एकाच वेळी आले, वेगवेगळ्या दारांनी. अल्थियाची ही धाकटी भावंडं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. रॉइस रिपब्लिकनांच्या तालुका समितीत, मार्सी डेमोक्रॅटांच्या. मिल रस्त्यावरच्या बंद पुलाच्या दुरुस्तीचा ठराव आधी हिच्या पक्षाने पाडला, मग त्याच्या पक्षाने पाडला, आणि त्या पुलासारखंच दोघांमधलं बोलणंही बंद पडलं. तेव्हापासून अल्थिया त्यांचं टपालखातं.

मार्सीने डोनट आणि आंबट काकडीच्या लोणच्याची बरणी फळीवर ठेवली. "अल्थिया, रॉइसला सांग, त्याच्या बुटांचा चिखल पाहुण्यांनाही पुरेल."

"अल्थिया, मार्सीला सांग, लाकडं मी आणलीत. चिखल त्यांच्यासोबत फुकट."

"ती ऐकतेय," अल्थिया म्हणाली. "तोही ऐकतोय."

मार्सीने पत्रक उचललं, वाचलं, खाली ठेवलं. मग मऊ आवाज काढला. हा आवाज ती शाळेत खोडकर मुलांसाठी राखून ठेवते. "हॅटी, बाळा, तू उभी राहिलीस तर कोणाची मतं खाणार, ठाऊक आहे ना? आमची. इथे आम्ही दरवेळी पन्नास-साठ मतांनी हरतो. तू असलीस की दोनशेंनी हरू."

"अल्थिया, मार्सीला सांग, मतं आमची जाणार आहेत," रॉइस म्हणाला. "शेतकरी सगळे बाबांना मानतात."

"रॉइसला सांग, आमची!"

"वा!" हॅटीने डोनट तोंडात घातला. "चार वर्षांत पहिल्यांदा तुम्हा दोघांचं एकमत झालं. अजून निवडूनसुद्धा आले नाही मी, तरी बघा किती काम केलं!"

वाफेतून विन्स्लोचं खोकल्यासारखं हसू आलं.

"हसू नका, बाबा," मार्सी म्हणाली. "ही पोरगी दोन्ही पक्षांच्या मध्ये रस्त्यावर उभी राहणार. रस्त्याच्या मध्ये उभं राहणाऱ्याला दोन्हीकडच्या गाड्या उडवतात."

"मावशी, मी मध्ये नाही उभी राहात. मी पुलापाशी उभी राहणार आहे." हॅटीचा आवाज बदलला. "बारा वर्षं पूल बंद आहे. रुग्णवाहिका अकरा मैल वळसा घालून जाते. चालवणारी मी असते. मागे झोपलेला माणूस मला विचारत नाही की ठराव कोणी पाडला, कोणत्या साली पाडला. तो एवढंच विचारतो, अजून किती लांब आहे म्हणून."

रॉइसने जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "अल्थिया, जरा बाहेर ये. लाकडं उतरवायचीत."

बाहेर ऊन पडलं होतं, पण हवेत अजून थंडी होती. प्रत्येक झाडाखाली बादलीत थेंब पडत होते, कुठे भरभर, कुठे रेंगाळत, आणि सगळ्या जंगलाला त्या टपटपीने गुंगी आल्यासारखी वाटत होती. रॉइसने लाकडांना हातही लावला नाही. त्याने कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"काय आहे ते ओळखलं असशील."

"यादी."

"समितीने मागवली होती. काल रात्री सहज चाळली. पान अकरा." तो थांबला. "तुला ठाऊक होतं."

"हो."

"कधीपासून?"

"मी त्या टेबलावर बसले होते, रॉइस."

तो आधी हसला. त्याला हसू आवरेचना. "बाबा डेमोक्रॅट! आठ वर्षं! आणि दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता मला ऐकवतात, रॉइस म्हणजे कळपातलं मेंढरू." मग त्याचं हसू मावळलं. "हा कागद समितीत पाच जणांकडे आहे. मंगळवारी हॅटी पत्रकं वाटेल, आणि कोणीतरी उठून पान अकरा मोठ्याने वाचेल. भर सभेत. बाबा पहिल्या रांगेत बसलेले असतील."

"तू थांबव त्यांना."

"थांबवीन. माझं ऐकतील. पण हॅटी उभी राहिली तर कसे ऐकतील? तिने माघार घेतली तर प्रश्नच मिटला. मग यादी वाचून कोणाला काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, अल्थिया. बाबांना कधी कळणारही नाही."

"आणि तुमची मतंही शाबूत."

रॉइस कानापर्यंत लाल झाला. "ते आहेच. मी नाही म्हणत नाही. पण तेवढंच नाही गं. त्यांच्यापाशी दुसरं काय उरलंय? आई गेली. गुरं गेली. गावात दोन माणसं भेटली की ते हेच सांगतात, मी कोणाचा नाही. ते काढून घेतलं तर काय राहील?"

हे मात्र त्याने मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते अल्थियाला जास्त लागलं. रॉइस वाईट नव्हता. तो फक्त एका दगडात दोन पक्षी बघत होता आणि दोन्ही पक्ष्यांवर त्याचं प्रेम होतं.

तो आत गेला. ती रसाच्या टाकीला टेकून उभी राहिली. हॅटीला एक शब्द सांगितला की काम झालं असतं. आजोबांसाठी तिने उमेदवारी तर काय, ट्रकही सोडला असता. दीडशे मतदारांच्या सह्या हव्या होत्या, प्रत्येकाची वेगळ्या कागदावर, आणि नव्वद तिने दारोदार हिंडून मिळवल्या होत्या. ती ते सगळे कागद मुकाट्याने भट्टीत घालील, आणि कशासाठी घालतोय हे आयुष्यभर कोणाला सांगणार नाही. अल्थियाला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

टपटप चालू होती, आणि तिच्यासमोर तो फेब्रुवारी पुन्हा उभा राहिला.

या राज्यात ज्याच्या नावापुढे पक्ष नाही, त्याला पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत दोन्हींपैकी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. पण मागितली, की त्या क्षणापासून तो त्या पक्षाचा. मत टाकून बाहेर पडताना दाराशी एक टेबल असतं. तिथे कार्डावर सही केली की तो पुन्हा कोणाचाच नाही. नॉर्थ हार्लोतले लोक त्याला हात धुवायचं टेबल म्हणतात. विन्स्लो आणि म्युरिएल नेहमी जोडीने यायचे. ती पुढे, तो मागे. ती सही करायची आणि पेन मागे न बघताच त्याच्या हातात द्यायची: "घे, हात धू." एवढ्या वर्षांत त्याने टेबलावरचं पेन कधी उचललंच नव्हतं.

त्या फेब्रुवारीत ती जाऊन तीन आठवडे झाले होते. अल्थिया टेबलावर बसली होती. बाबा पडद्याआडून बाहेर आले, टोपी हातात, चेहरा असा की झोपेत चालताहेत. ते टेबलासमोरून गेले. कोणी त्यांना पेन दिलं नाही. अल्थिया खुर्चीतून अर्धवट उठली, तोंडही उघडलं, पण बाबांचे डोळे बघून तिच्याने हाक मारवली नाही. दारातून बर्फाचा उजेड आला आणि ते त्या उजेडात निघून गेले. घरी सांगू, असं ती मनाशी म्हणाली. मग उद्या सांगू. मग वसंत आला, मग पुढची प्राथमिक निवडणूक आली आणि बाबा सर्दीने झोपून राहिले, त्यानंतरच्या प्राथमिकला आईशिवाय ते गेलेच नाहीत, आणि हळूहळू तिला असंही वाटू लागलं की ते सगळं आपण स्वप्नातच पाहिलं असावं. पण यादीला स्वप्नं पडत नाहीत.

ती आत गेली तेव्हा मार्सीने पसरट ताटात स्वच्छ बर्फ भरून आणला होता आणि विन्स्लो त्यावर उकळती काकवी ओतत होता. बर्फावर पडताच तिच्या तांबूस चिकट दोऱ्या होत होत्या. त्या काट्याने गुंडाळायच्या, तोंडात घालायच्या, गोडाने जीभ बधिर झाली की आंबट काकडीचा तुकडा चावायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. हे चालू असताना फिलब्रिकांच्या घरात कधी भांडण होत नसे. तोंडच उघडत नाही.

म्हणूनच अल्थिया आत्ता बोलली.

"बाबा, पत्रकावरचं वाक्य खोटं आहे."

सगळे चावत होते. विन्स्लोने काटा खाली ठेवला. "नाकाबद्दल म्हणतेस?"

"यादीत तुमच्या नावापुढे पक्ष आहे. आठ वर्षांपासून. आई गेली त्या वर्षी तुम्ही सही न करता बाहेर पडलात."

रॉइस कपाळावर हात मारून बसला. "अगं, मी काय सांगितलं होतं तुला!"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, रॉइस. पाच जणांच्या खिशात आहे ते."

"कोणता पक्ष?" विन्स्लोने विचारलं.

"डेमोक्रॅट."

"म्हणजे बाबा आमचे!" मार्सीच्या तोंडून निसटलं, आणि सगळ्यांनी बघितल्यावर तिने घाईघाईने काकडी तोंडात कोंबली.

विन्स्लो कढईकडे वळला. फेस चढत होता, तो त्याने झाऱ्याने काढला, बादलीत झटकला, पुन्हा काढला.

"कोणाला मत दिलं होतं मी?"

"ते यादीत नसतं, बाबा."

"मलाही आठवत नाही. त्या दिवसातलं काहीच आठवत नाही." तो वाफेशी बोलत होता. "एवढंच आठवतं, बाहेर गाडीचं उजवीकडचं दार उघडून उभा होतो. ती बसेल म्हणून. बराच वेळ उभा होतो. मग कोणीतरी म्हणालं, विन्स्लो, थंडी आत जातेय."

हॅटीने डोळे पुसले. तिने पत्रक ढिगावरून उचललं आणि उलटं करून ठेवलं.

"तू मला जाताना बघितलंस?" विन्स्लोने विचारलं.

"बघितलं."

"हाक मारली नाहीस."

"नाही मारवली."

"आणि नंतर? आठ वर्षं मी या गावात छाती काढून सांगतोय, मी कोणाचा नाही. चर्चच्या तळघरात सांगितलं, दुकानात सांगितलं, त्या वर्तमानपत्रवाल्या मुलीला सांगितलं. तू शेजारी उभी राहून कॉफी ओतत होतीस!" आवाज चढला नव्हता. त्याने झारा कढईच्या काठावर आडवा ठेवला. "पक्षाचं मला काही नाही, अल्थिया. पक्ष हा काही महारोग नाही. माझी दोन मुलं त्यात आहेत आणि धडधाकट आहेत. पण मला काय कळावं आणि काय कळू नये, हे तू ठरवलंस. दोन्ही पक्ष लोकांचं असंच ठरवतात. म्हणून तर मी तिकडे गेलो नाही."

अल्थियाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. आठ वर्षं पोटात धरलेलं होतं. ते बाहेर आल्यावर दुखलं, आणि दुखता दुखता मोकळंही वाटलं. "चुकलं माझं, बाबा."

"चुकलंच." त्याने नाक पुसलं. "वाजले किती?"

"पावणेअकरा."

विन्स्लोने एप्रन सोडला. रस कढत असताना तो कढई सोडून निघाला तर काय करावं, हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण असं कधी झालं नव्हतं. "सभागृह साडेअकराला बंद होतं ना?"

"बाबा, कढई?" रॉइस उठला. "मी बघतो."

"एकटा जाळशील. एकाने जाळ बघायचा, एकाने फेस. मार्सी, तू फेस."

रॉइसने मार्सीकडे बघितलं, मार्सीने छताकडे.

"आणि बोलावं लागतं," विन्स्लो टोपी घालत म्हणाला. "जाळ कमी, जाळ जास्त, लोणी, थांब. निरोप्या माझ्याबरोबर येतोय."

विन्स्लो, अल्थिया आणि हॅटी दारातून बाहेर पडले. मागून मार्सीचा आवाज आला, गंजलेली कडी उघडावी तसा: "लाकूड घाल." आणि थोड्या वेळाने रॉइसचा: "घालतो."

हॅटीच्या ट्रकमध्ये पुढच्या बाकावर तिघं दाटीवाटीने बसले. रस्ता वितळत होता, शेतांवर धुकं उभं होतं, आणि बर्फातून डोकं वर काढणाऱ्या कुंपणाच्या काठ्या एकामागून एक मागे जात होत्या. अल्थियाला आपण कुठल्यातरी मऊ, पांढऱ्या झोपेतून जातोय असं वाटत राहिलं.

"मी नाव मागे घेऊ का, आजोबा?"

"नाव तुझं आहे. माझं फक्त नाक आहे. ते काढ त्या कागदावरून."

"दोन्ही खोकी भट्टीत घालते. नवीन काय लिहू?"

"ते तू मला विचारायचं नाही," विन्स्लो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

सभागृहात एडिथ केक कापत होती. विन्स्लोला बघून तिने सुरी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत मार्चच्या शनिवारी तो कढई सोडून आलेला तिने बघितला नव्हता. अल्थिया टेबलापलीकडे गेली, कोट काढला, खुर्चीत बसली. आता ती मुलगी नव्हती, पर्यवेक्षक होती, आणि तिला तसंच बोलावं लागलं.

"नाव?"

"तुला ठाऊक आहे."

"विचारावं लागतं, बाबा."

"विन्स्लो अ‍ॅम्ब्रोज फिलब्रिक. यादी बघू दे."

तिने पान अकरा त्याच्याकडे फिरवलं. त्याने बोट ठेवून फिलब्रिकांची नावं वाचली. अल्थिया, हॅटी, मार्सी, रॉइस, आणि शेवटी तो, नावापुढे ती छोटी खूण. बोट पुन्हा वर गेलं आणि मार्सी आणि रॉइस यांच्यामध्ये थांबलं.

"ती इथे असायची. म्युरिएल."

"हो."

"कोणी काढलं?"

"मी. त्या मेमध्ये. दाखला आल्यावर काढावंच लागतं."

"तिची सही लागली नाही?"

"नाही, बाबा. गेलेल्यांची सही लागत नाही. जिवंत माणसाचीच लागते. तुमच्या सहीशिवाय मला तुमचं अक्षरही हलवता येत नाही."

विन्स्लोचं बोट अजून तिथेच होतं. एडिथ केककडे बघत होती. भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

"मग मला हाक मारायला हवी होतीस," तो हळू म्हणाला. "तिथे तुझ्यासमोर रडलो असतो. लोकांनी बघितलं असतं. त्यात काय होतं? मी होतो ना अजून."

"हो, बाबा."

"आणि अजून आहे. दे ते कार्ड."

तिने कार्ड पुढे सरकवलं. मग टेबलावरचं पेन उचललं आणि त्याच्या हातात दिलं. तिला 'हात धू' म्हणायचं होतं, पण ते शब्द तिचे नव्हते, म्हणून ती काही बोलली नाही. त्याने सावकाश सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं, शाळेत शिकवल्यासारखी, आणि शाई वाळेपर्यंत कार्डावर हात धरून बसला.

बाहेर पायरीवर ऊन आलं होतं. छपरावरचा बर्फ धारेने गळत होता. साडेअकराला यादी बंद करून अल्थिया आली, तेव्हा आजोबा आणि नात कठड्याला टेकून उभे होते. हॅटीने जाकिटातून सहीची जागा कोरी असलेला उमेदवारीचा एक कागद काढला. नव्वद झाले होते, हा एक्क्याण्णवावा.

"आजोबा, आता तुम्ही पुन्हा कोणाचेच नाही. सही करा."

विन्स्लोने कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला, पूर्ण वाचला. मग घडी करून खिशात ठेवला.

"पुलाला किती वर्षं लागतील तुझ्या हिशेबाने?"

"दोन. फार तर तीन."

"रॉइसच्या पक्षाचा माणूस काय म्हणतो ते ऐकतो. मार्सीची बाई काय म्हणते तेही ऐकतो. तू मंगळवारी सभेत बोल, तुझंही ऐकतो. मग बघू."

हॅटीने आईकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं. तिला हसावं की चिडावं कळेना. "आजोबा, मी तुमची नात आहे!"

"म्हणून तर," विन्स्लो म्हणाला. "आपलं माणूस आहे म्हणून मत द्यायचं, तर मग पक्ष काय वाईट होता?"